दहा ठिकाणांचं नाशिक दर्शन: सहा पायी, एक रिक्षात, बाकीची पाटीवरच

रामकुंडाच्या पार्किंगपाशी किंवा पंचवटी कारंजावर गाडीतून उतरलं की दोन मिनिटांत कुणीतरी विचारतंच, 'नाशिक दर्शन? दहा ठिकाणं, दीड तासात.' रिक्षाच्या काचेमागे ठिकाणांची यादी असते. रामकुंड, कपालेश्वर, गोराराम, काळाराम, सीता गुंफा, पंचवटीचे पाच वड, तपोवन, लक्ष्मण मंदिर, लक्ष्मणरेषा, कपिला संगम. कुणाच्या यादीत शूर्पणखाही असते, मग ठिकाणं अकरा होतात.

या सेवेबद्दलचं मत थोडक्यात असं: यादीतली पहिली सहा ठिकाणं एकमेकांपासून इतकी जवळ आहेत की रिक्षात बसायला आणि उतरायला लागणारा वेळ चालण्यापेक्षा जास्त. शेवटची चार ही एकाच तपोवनाच्या आवारातली नावं. म्हणजे पैसे खरे लागतात ते सीता गुंफेपासून तपोवनापर्यंतच्या साधारण दोन किलोमीटरचे आणि परतीचे. रिक्षावाला फसवतो असं नाही, ठरलेल्या सगळ्या ठिकाणी तो नेतो. भाव मात्र अंतरावर नसतो, ठिकाणांच्या आकड्यावर असतो, आणि आकडा त्यानेच मोजलेला असतो.

गुडघे दुखणारी वडीलधारी माणसं, कडेवरची मुलं किंवा भर दुपारचं ऊन असेल तर रिक्षा जरूर करावी. रामकुंडाकडून काळारामाकडे जाताना चांगला चढ आहे, तो म्हाताऱ्या माणसांना जाणवतो. रिक्षा देवळाच्या दाराच्या जवळपर्यंत जाते. बाकीच्यांनी पंचवटी पायीच करावी, कारण या गावातल्या सगळ्यात चांगल्या गोष्टी रिक्षाच्या यादीत नाहीतच.

नारोशंकराचं देऊळ हे त्याचं ठळक उदाहरण. रामकुंडापासून नदीच्या वाहत्या दिशेने जेमतेम दोनशे मीटर. १७४७ मध्ये सरदार नारोशंकर राजेबहादूर यांनी बांधलेलं हे रामेश्वराचं, म्हणजे महादेवाचं देऊळ. शिल्पकाम बघायचं तर अख्ख्या पंचवटीत याला तोड नाही. हत्ती, माकडं, वाघ, मोर, जपमाळ घेतलेले साधू, आणि तटबंदीच्या कोपऱ्यांवर मेघडंबऱ्या, म्हणजे घुमटी छत्र्या. नदीच्या बाजूच्या तटावर प्रसिद्ध 'नारोशंकराची घंटा' टांगलेली आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या विजयाची ही पोर्तुगीज घंटा, आणि तिच्यावर १७२१ हे साल आहे. पूर आला की पाणी घंटेपर्यंत पोचलं का, यावरून जुने नाशिककर पुराचा अंदाज बांधायचे. हे सगळं रामकुंडावरून दिसेल इतक्या जवळ आहे, तरी बहुतेक यात्रेकरू न बघताच तपोवनाकडे निघालेले असतात. इथे रिक्षा थांबवायला सोयीची जागा नाही आणि दर्शनाला गर्दी नाही, त्यामुळे यादीत जागा नाही.

घंटेच्या खालीच नदीपात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. दोन्ही बाजूंनी तोंड असलेली ही उंच मूर्ती म्हणजे शहराचं अनधिकृत पूरमापक. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, अशाच भाषेत नाशिकला पुराच्या बातम्या येतात. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधले पूर लोकांना असेच आठवतात. यातून गाडी घेऊन येणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. जुलै ते सप्टेंबर गोदाघाटावर गाडी लावू नये. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की पाणी घाटावर येतं आणि दर पावसाळ्यात दोन-चार गाड्या तरी बुडतात. सकाळी घाट कोरडा होता हे कारण चालत नाही, कारण पाऊस वर त्र्यंबकच्या बाजूला पडलेला असतो आणि इथे ऊन असतं.

चालत जायचं तर क्रम असा ठेवावा. सुरुवात नदीच्या अलीकडच्या, शहराच्या बाजूने करायची. रविवार कारंजाहून अहिल्याबाई होळकर पुलाकडे आलं (जुने लोक अजून व्हिक्टोरिया पूल म्हणतात) की पुलाआधीच सुंदरनारायणाचं देऊळ लागतं. गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी १७५६ मध्ये बांधलेलं. २१ मार्चच्या सुमारास उगवत्या सूर्याची किरणं थेट मूर्तीवर येतात, अशी त्याची दिशा साधली आहे. झिजलेले दगड बदलण्याचं काम इथे बरीच वर्षं चाललेलं आहे. नवा दगड आणि जुना दगड शेजारी शेजारी बघितले तर गोदाकाठच्या हवेने बेसॉल्टचं काय होतं ते पुस्तकाशिवाय कळतं.

पूल ओलांडून खाली उतरलं की रामकुंड. हे १६९६ मध्ये चित्रराव खटावकर यांनी बांधलं आणि पुढे माधवराव पेशव्यांच्या आई गोपिकाबाई यांनी दुरुस्त केलं. पहिल्यांदा येणाऱ्याचा इथे थोडा हिरमोड होतो. डोळ्यासमोर विस्तीर्ण नदी असते आणि प्रत्यक्षात दिसतो तो बांधीव हौद, सभोवती टपऱ्या, भोंगे आणि प्लास्टिकच्या कॅनची रांग. नदी इथे दक्षिणेकडे वळते, आणि अरुणा नदीचा संगम इथेच मानतात, म्हणून अस्थिविसर्जनासाठी या जागेचं एवढं महत्त्व. उन्हाळ्यात पाणी धरणाच्या आवर्तनावर, म्हणजे तिथून ठराविक वेळी सोडलेल्या पाण्यावर, अवलंबून असतं, त्यामुळे मे महिन्यात 'गंगेत' बुडी मारायची कल्पना असेल तर अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात. गोदावरीला इथे कुणी गोदावरी म्हणत नाही. गंगाच म्हणतात, आणि 'गंगेवर जाऊन येतो' म्हणजे इथे येणं.

रामकुंडावरच्या व्यावहारिक गोष्टी अशा. कपडे बदलायला 'वस्त्रांतरगृह' आहे, त्याच नावाने विचारावं म्हणजे लगेच दाखवतात. पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि लोक घसरतात ते उतरताना नव्हे, ओल्या अंगाने वर येताना. साखळी धरूनच वर यावं. विधी करायचे असतील तर आपल्या घराण्याच्या तीर्थोपाध्यायांची चौकशी करावी. गाव आणि आडनाव सांगितलं की ते कोणाकडे ते तिथलेच लोक सांगतात, आणि त्यांच्या वह्यांत मागच्या पिढ्यांची नावं सापडण्याची शक्यता असते. हा नाशिकचा खरा ठेवा आणि तो कुठल्याही दर्शन पॅकेजात नाही. दक्षिणा किती, साहित्य त्यात धरलं आहे का, दानाचे वेगळे किती, हे तिन्ही संकल्प सोडण्याआधी बोलून घ्यावं. हातात पाणी घेतल्यावर घासाघीस कुणालाच जमत नाही.

बुधवारी येत असाल तर घाटावर आठवडे बाजार असतो. भाजी, धान्य, मसाले, झाडू, विळे, जुने कपडे, सगळं. बघायला झकास, पण त्या दिवशी नारोशंकराकडे जायला पालांमधून वाट काढावी लागते आणि फोटो मिळत नाहीत. घाटाचं निवांत रूप बघायचं असेल तर बुधवार सोडून कुठल्याही दिवशी सकाळी सात वाजायच्या आत यावं. संध्याकाळी रोज गोदाआरती होते. सूर्यास्ताआधी अर्धा तास पायऱ्यांवर जागा धरली तर नीट दिसते.

रामकुंडासमोरच्या पायऱ्या चढल्या की कपालेश्वर. महादेवापुढे नंदी नाही, ही इथली ख्याती. ब्रह्महत्येच्या पातकातून सुटायचा रामकुंडाचा मार्ग नंदीनेच दाखवला, म्हणून शंकराने त्याला गुरू मानलं आणि समोर बसू दिलं नाही, अशी कथा. दहा मिनिटं पुरतात. सोमवारी आणि श्रावणात मात्र तास जातो. गोरारामाच्या संगमरवरी मूर्तींसाठीही तेवढाच वेळ लागतो. हे देऊळ गर्दीच्या वाटेवर असूनही शांत असतं, चार मिनिटं टेकायला चांगलं.

काळारामाला मात्र घाईत जाऊ नये. रिक्षावाले इथे पंधरा मिनिटं देतात. तेवढ्यात मूर्तीचं दर्शन होतं, देऊळ बघून होत नाही. सरदार रंगराव ओढेकर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस हे बांधलं. काम बारा वर्षं चाललं आणि खर्च तेवीस लाख झाला असं सांगतात. दगड रामशेजच्या डोंगरातला, तोच रामशेज किल्ला ज्याने मोगलांना वर्षानुवर्षं झुंजवलं. आधी आवाराच्या भिंतीच्या कडेने एक पूर्ण चक्कर मारावी. चारी दिशांना दरवाजे आहेत. सभामंडप मुख्य देवळापासून सुटा उभा आहे, ही या देवळाची वेगळी रचना, आणि त्यातला मारुती हात जोडून थेट रामाकडे बघतो. मारुतीच्या जागी उभं राहून गाभाऱ्याकडे पाहिलं की दोन इमारतींमधलं मोकळं अंतर का ठेवलं ते उमगतं. काळ्या पाषाणातल्या राम, सीता, लक्ष्मणाच्या मूर्तींमुळे नाव काळाराम. गाभाऱ्याचा फोटो काढू देत नाहीत. शिखराचा बाहेरून काढायचा तर सकाळचं तिरपं ऊन हवं. दुपारी काळा दगड सपाट दिसतो आणि फोटो फसतो.

याच दरवाजांवर २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड यांनी तो पुढे चालवला आणि पाच वर्षांहून अधिक काळ तो चालला. दर्शन रिक्षाच्या माहितीत वनवास असतो, रावण असतो, शूर्पणखा तर असतेच, पण हे क्वचितच सांगितलं जातं. नाशिक बघायला आलेल्याला हे कळलं नाही तर त्याने निम्मंच देऊळ पाहिलं.

चैत्रात येणाऱ्यांसाठी: रामनवमीनंतर कामदा एकादशीला रामरथ आणि गरुडरथ निघतात. दोर लावून माणसं ओढतात. रामरथ नदी ओलांडत नाही, गरुडरथ शहराच्या बाजूला जाऊन येतो. त्या दिवशी दुपारनंतर पंचवटीत कुठलंही वाहन चालत नाही, त्यामुळे दर्शनाची रिक्षा ठरवण्यात अर्थ नाही. तसंच रंगपंचमीला. नाशिकला धुळवडीपेक्षा रंगपंचमी मोठी, पेशवेकालीन रहाडी उघडतात आणि रंगीत पाण्याच्या त्या हौदांत लोक धपाधप उड्या मारतात. बघायला जरूर यावं, देवळं करायला नको.

सीता गुंफा काळारामापासून तीन-चार मिनिटांवर. शेजारीच ते पाच वड, ज्यांच्यावरून पंचवटी हे नाव आलं असं मानतात. झाडांना क्रमांकाच्या पाट्या लावलेल्या आहेत, त्यामुळे शोधावे लागत नाहीत, पण मधून रस्ता जातो आणि रिक्षांचा गोंधळ एवढा की वडाकडे मान वर करून बघायला जागा मिळत नाही. गुंफेबद्दल मात्र आधी नीट माहिती करून घ्यावी. प्रवेश अरुंद, छत बुटकं. काही पायऱ्या उतरून मग ओणवं होऊन, काही ठिकाणी जवळजवळ बसत सरकावं लागतं. मागे पुढे माणसं असतात, त्यामुळे मध्येच 'मला जमत नाही' म्हणून वळता येत नाही. दम्याचे, गुडघ्याचे, पाठीचे रुग्ण, बंद जागेत घाबरणारे आणि गरोदर बायका यांनी बाहेरच थांबावं. पाठीवरची सॅक बाहेरच्या माणसाकडे द्यावी, ती हमखास अडकते. आत राम, लक्ष्मण, सीतेच्या मूर्ती आणि एक शिवलिंग. आतली हवा कोंदट असते. शनिवार, रविवार आणि दिवाळीच्या सुट्टीत रांग बाहेर रस्त्यावर येते आणि इथेच दीड तासाचं पॅकेज कोलमडतं. मग रिक्षावाला सुचवतो, 'गुंफा राहू द्या, तपोवन करून घेऊ.' गुंफा बघायचीच असेल तर सकाळी आठच्या आत इथून सुरुवात करून उलटा क्रम लावणं शहाणपणाचं.

इथून पुढे रिक्षा करावी, आणि फक्त तपोवनाची करावी. 'दर्शन' हा शब्दच उच्चारू नये. 'तपोवन, संगमापर्यंत, अर्धा तास थांबायचं आणि परत पंचवटी कारंजा' असं सांगितलं की भाव एकदम खाली येतो. ठरवताना चार गोष्टी पक्क्या कराव्यात. भाव माणशी की अख्ख्या रिक्षाचा, थांबण्याचे पैसे वेगळे का, सोडणार कुठे, आणि वाटेत दुकानात थांबायचं नाही. नाशिकला मीटरने रिक्षा मिळणं अवघड, म्हणून बोलणं आधीच झालेलं बरं. पैठणीचं किंवा पितळी भांड्यांचं 'बघायला पैसे नाहीत' म्हणत दाखवलेलं दुकान हा रिक्षावाल्याच्या कमिशनचा भाग असतो. पितळेची समई किंवा पूजेचं ताम्हन घ्यायचंच असेल तर नदीपलीकडे भांडीबाजारात आपल्या पायाने जावं. तिथे वजनावर भाव होतो, आणि चार दुकानं विचारता येतात.

तपोवनात कपिला आणि गोदावरीचा संगम आहे. पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर ते डिसेंबर, जागा देखणी असते. खडकांतून पाणी वाहतं, काठावर कोरलेल्या लहान गुहा दिसतात. मार्चनंतर पाणी आटतं आणि उरतं त्याला वास येतो, तेव्हा संगमासाठी मुद्दाम जाण्यात राम नाही. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं ती जागा इथलीच आणि नासिका शब्दावरून नाशिक, ही व्युत्पत्ती सगळेच सांगतात. त्या प्रसंगाच्या रंगवलेल्या मूर्ती लहान मुलांना भारी आवडतात. लक्ष्मणरेषा म्हणून दाखवतात ते बघून मोठी माणसं एकमेकांकडे बघतात. अर्धा तास पुरेसा आहे.

परत आल्यावर ताकद असेल तर गाडगे महाराज पुलावरून शहराच्या बाजूला जावं. घाटावरच यशवंतराव महाराजांचं देवस्थान आहे, पटांगणही त्यांच्याच नावाचं. हे देवमामलेदार. सटाण्याला मामलेदार असताना १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना लोकांना वाटला. सरकारी अधिकाऱ्याचं देऊळ जगात किती ठिकाणी असेल कोण जाणे. तिथून वर सराफ बाजार, जुने वाडे, आणि भूक लागली असेल तर साबुदाणा वडा नाहीतर मिसळ. चिवडा बांधून घ्यायचा तर तोही याच बाजूला.

मोठं पॅकेज घेतलं तर त्यात पांडवलेणी आणि मुक्तिधामही असतात. मुक्तिधाम नाशिकरोड स्टेशनच्या अगदी जवळ आहे, पंचवटीपासून नऊ-दहा किलोमीटरवर. रेल्वेने येणाऱ्यांनी ते जाता-येता उरकावं, त्यासाठी पंचवटीहून वेगळी फेरी करू नये. संगमरवरी देऊळ, भिंतींवर गीतेचे अठरा अध्याय, बारा ज्योतिर्लिंगांच्या प्रतिकृती. बाकी नवं बांधकाम.

पांडवलेणी मात्र अर्धा दिवस मागतात आणि तेवढा द्यावा. नाव पांडवांचं असलं तरी ही त्रिरश्मी डोंगरातली चोवीस लेणी मुख्यतः बौद्ध आहेत. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, ज्यात तिने आपला मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, याचे पराक्रम सांगितले आहेत. दहावं लेणं त्याच्या शत्रूच्या, क्षहरात कुळातल्या क्षत्रप राजा नहपानाच्या घराण्याचं. एकाच डोंगरात दोन्ही पक्षांचे लेख. हे दोन आणि अठरावं चैत्यगृह (स्तूप असलेलं प्रार्थनेचं लेणं) पाहिलं तरी सार्थक होतं. तिकीट भारतीयांना २५ रुपये. पायथ्यापासून पायऱ्या चढायला साधारण अर्धा तास, वाटेत सावली कमी. दहाच्या आत वर पोचावं. पाणी खालूनच न्यावं, अत्तर फवारून जाऊ नये आणि वर आवाज किंवा धूर करू नये, कारण कातळावर आग्या मोहोळ असतं. 'दहा ठिकाणां'मध्ये लेणी असतील तर रिक्षावाला खाली चाळीस मिनिटं थांबतो. तेवढ्यात वर जाऊन श्वास घेतला की परतायची वेळ होते. पाथर्डी फाट्याकडे जाणारी शहर बस पायथ्यापाशी सोडते, ती जास्त उपयोगाची.

आणि 'नाशिक-त्र्यंबक एका दिवसात' या पॅकेजबद्दल: त्र्यंबक साधारण तीस किलोमीटर, रस्ता तासाभराचा, पण वेळ खाते ती रांग. साध्या दिवशीही धर्मदर्शनाला, म्हणजे मोफत रांगेत, दोन-तीन तास लागू शकतात, श्रावणी सोमवारी तर विचारू नये. २०० रुपयांचं देणगी दर्शन घेतलं तर वेळ वाचतो. लिंग दगडी खळग्यात खोल आहे, ते दिसावं म्हणून वर आरसा लावलेला असतो, त्यामुळे रांगेतून पुढे सरकताना आधी आरशाकडे नजर ठेवावी. नारायण नागबळीसारखा विधी तीन दिवसांचा असतो आणि त्याचं बोलणं थेट तिथल्या ताम्रपत्रधारी (पूजेचा वंशपरंपरागत हक्क असलेल्या) गुरुजींशी करावं, गाडीवाल्यामार्फत नव्हे. त्र्यंबकला पहाटेच्या बसने जाऊन दुपारपर्यंत परतावं आणि पंचवटी दुसऱ्या दिवशी करावी. दोन्ही एका दिवसात कोंबलं की पंचवटीच्या वाट्याला फक्त ती दीड तासाची रिक्षाच येते.

सध्या येणाऱ्यांनी सिंहस्थ कुंभमेळ्याची कामं गृहीत धरावीत. २०२६ च्या ऑक्टोबरअखेर ध्वजारोहण आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमृतस्नानं आहेत, त्यामुळे रामकुंड ते काळाराम हा पट्टा कुठे ना कुठे खोदलेला असतो आणि रिक्षांना वळसे पडतात. पायी चालणाऱ्याला फार तर एका फळीवरून उडी मारावी लागते. पायात चप्पल असावी, बूट नको, दर देवळाशी काढायची आहे.